काय दाबलंत तुम्ही?

खूप दिवसांनी लिहितोय. मधले दोन-तीन वीकेंड रिलीजमध्ये गेले आणि त्यानंतरचा एक साताऱ्याला, बाबांच्या कॉम्प्युटरच्या पोटात डोकं घालून. आजचा लेख त्या वीकेंडबद्दल. रॅम, मदरबोर्ड वगैरे शब्द ऐकून ज्यांना जांभई येते त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण अर्ध्या वाटेत ही गोष्ट सोसायटीच्या पावती पुस्तकाकडे वळते.

तर, आमच्या घरी एक डेस्कटॉप आहे. २०१५ साली मला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा बाबांनी घेतलेला. असेंबल्ड. चौथ्या पिढीचा आय३, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. दुकानदाराने कागदावर कोटेशन लिहून दिलं, बाबांनी ते तिथेच उभं राहून दोनदा बेरीज करून तपासलं आणि दीडशे रुपयांची चूक काढून दाखवली. मला तेव्हा लाज वाटली होती. अठरा वर्षांच्या मुलाला बापाच्या बहुतेक गोष्टींची लाज वाटते, त्यातलीच ही एक.

२०१८ मध्ये बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी अँड्रॉइड स्टुडिओ काही केल्या धड चालेना, म्हणून मी पुण्याहून आणखी ४ जीबीची एक सेकंड-हँड स्टिक आणून बसवली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकला. मग मी माझ्या लॅपटॉपवर गेलो आणि डेस्कटॉप बाबांचा झाला.

बाबा २०२१ मध्ये रिटायर झाले. अख्खी नोकरी सरकारी खात्यात, लेखा विभागात. रिटायर झाल्यावर महिन्याभरात सोसायटीने त्यांना खजिनदार करून टाकलं. चोवीस फ्लॅट, मेंटेनन्सच्या पावत्या, वॉचमनचा पगार, लिफ्टची एएमसी, टाकी साफ करणाऱ्याचं बिल. बाबा सगळं एक्सेलमध्ये लिहितात. पण शेजारी पावती पुस्तक आणि व्हाउचरची फाईल असतेच. ‘कागद तो कागद,’ हे त्यांचं ठाम मत.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टपासून, फोन यायला लागले.

“अरे, निळा स्क्रीन आला.”

“काय दाबलंत तुम्ही?”

“काही नाही. फक्त फाईल उघडत होतो.”

“बरं, रिस्टार्ट करा.”

पुढच्या आठवड्यात पुन्हा. कधी निळा स्क्रीन, कधी नुसताच ठप्प, कधी आपोआप रिस्टार्ट. कधी ब्राउझरचा टॅब मान टाकायचा. एकदा एक्सेलने सांगितलं की फाईल खराब आहे, रिकव्हर करू का? बाबांनी मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. म्यूट करून म्हटलं, “हो म्हणा. आणि मधेमधे सेव्ह करत जा ना, तुम्ही सेव्ह केलं नसेल.” 

हे “केलं नसेल” मी किती वेळा म्हणालो ते आता आठवतंय.

ऑक्टोबरमध्ये मला एक सोयीस्कर कारण मिळालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, आमच्या आय३ ला त्यात प्रवेश नाही. मी बाबांना सांगितलं, “विंडोज जुनं झालंय, आता असंच होणार.” हे शुद्ध थापेबाजीत मोडतं. सपोर्ट संपला म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट नेहमीसारखे येणं थांबलं. त्या तारखेला मशीन कोसळायला लागत नाही. आणि फोन तर ऑगस्टपासून येत होते! पण मला विषय मिटवायचा होता. एका रविवारी पुण्यात बसूनच त्यांच्या स्क्रीनचा ताबा घेतला आणि विंडोज रिसेट करून दिलं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी निळा स्क्रीन.

दिवाळीत तीन दिवस घरी होतो. बाबा एकदा म्हणाले, “जरा बघतोस का?” मी म्हटलं, “बाबा, सुट्टीत पण कॉम्प्युटर?” ते हसले. पुन्हा काही बोलले नाहीत.

डिसेंबरमध्ये आईचा फोन आला. ती सहसा मुद्द्यावर येत नाही. आधी जेवण, मग थंडी, मग लग्नाचा विषय. त्या दिवशी थेट म्हणाली, “बाबा खजिनदारपद सोडतायत. म्हणतात, आता मला जमत नाही, चुका व्हायला लागल्या.” मग जरा थांबून तिने सांगितलं, की सप्टेंबरमध्ये वार्षिक सभेच्या आधी हिशेब जुळेना. पुस्तकात रोख जास्त, हातात २,७०० रुपये कमी. बाबांनी तीन दिवस एखादं हरवलेलं बिल शोधलं, सापडलं नाही, मग स्वतःच्या खिशातून २,७०० भरले आणि कुणाला सांगितलं नाही.

“रात्री उठून बसतात रे,” आई म्हणाली. “मला विचारत होते, माझं डोकं ठीक आहे ना?”

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून थेट स्वारगेट गाठलं. पुणे-सातारा म्हणजे जेमतेम ११० किलोमीटर, पण शुक्रवारचा खंबाटकी घाट ज्याने पाहिलाय त्याला अंतर सांगून उपयोग नाही. बसमध्ये मी ठरवलं, की हे प्रकरण ऑफिसमधल्यासारखं हाताळायचं.

आमच्याकडे सर्व्हर पडला की नंतर पोस्टमॉर्टेम लिहितात. त्याचा पहिला नियम म्हणजे कुणाचं नाव लिहायचं नाही. ‘अमक्याने चुकीची कमांड दिली’ असं लिहिलं तर मॅनेजर ते परत पाठवतो. काय घडलं, कधी घडलं, कशाने सिद्ध होतं, एवढंच लिहायचं. मी असे डझनभर रिपोर्ट लिहिलेत. त्यातल्या एकाही रिपोर्टमध्ये पहिला प्रश्न ‘काय दाबलंत तुम्ही?’ असा नव्हता.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर बाबांना म्हटलं, “पहिल्यापासून सांगा, कधी कधी झालं.” बाबा उठले आणि एक डायरी घेऊन आले. तारीख, वेळ, काय उघडलं होतं, स्क्रीनवर काय लिहून आलं. ऑगस्टपासूनच्या एकतीस नोंदी! इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी उतरवलेली. माझ्या टीममध्ये इतका चांगला बग रिपोर्ट लिहिणारा एकही माणूस नाही. मी विचारलं, “हे मला आधी का नाही सांगितलंत?” 

“तू विचारलं नाहीस,” ते म्हणाले. रागाने नाही, सहज.

आता जरा टेक्निकल. ज्यांच्या घरी असा म्हातारा डेस्कटॉप आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहितो.

पहिलं काम बॅकअप. पण रॅमचा संशय असेल तर त्याच मशीनवर फाईल कॉपी करू नका, कारण कॉपी होणारी प्रत्येक गोष्ट रॅममधूनच जाते. चांगली फाईल जाताजाता बिघडू शकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मी एसएसडी काढला, केबलने माझ्या लॅपटॉपला लावला आणि सगळं उतरवून घेतलं. याच कारणाने अशा मशीनवर विंडोज रिसेट करणंही शहाणपणाचं नाही. खराब रॅमवर नवी विंडोज चढवणं म्हणजे गळक्या बादलीने टाकी भरणं. मी ऑक्टोबरमध्ये नेमकं तेच केलं होतं.

दुसरं, पुरावे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ च्या ओळी भरपूर होत्या. ही ओळ बघून लोक पॉवर सप्लाय बदलायला धावतात. तिचा अर्थ इतकाच की मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. पेशंट बेशुद्ध पडला होता एवढं कळतं, का ते कळत नाही. खरी गंमत बाबांच्या डायरीत होती. एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉन-पेज्ड एरिया’, एकदा ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. दोष कधी ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर, कधी नेटवर्कच्या, कधी फाईल सिस्टिमवर. एखादा ड्रायव्हर वाईट असेल तर तो सहसा पुन्हापुन्हा त्याच ठिकाणी पडतो. दर वेळी आरोपी वेगळा असेल तर ज्या जमिनीवर सगळे उभे आहेत ती जमीन तपासायची. म्हणजे रॅम, पॉवर सप्लाय, उष्णता.

तिसरं, स्वस्त तपासण्या आधी. कॅबिनेट उघडलं तर आत दहा वर्षांची धूळ. गॅलरीत नेऊन ब्रशने साफ केलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. लोड दिल्यावर ७८ डिग्रीपर्यंत जाणारा प्रोसेसर ६० वर आला. मदरबोर्डवरचे कपॅसिटर पाहिले. माथा फुगलेला किंवा बुडातून द्रव आलेला एकही नव्हता. बायोसमध्ये १२ व्होल्टची लाईन ११.९ दाखवत होती. पाच टक्के इकडेतिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६ पर्यंत चालतं. (बायोसचा आकडा म्हणजे देवाची वाणी नव्हे, पण अंदाज येतो.) एसएसडीची तब्येत ठणठणीत.

एक आजार मात्र सापडला. लाईट गेली की तारीख मागे जाते असं बाबा म्हणायचे. मी फोनवर “घड्याळ सेट करा” म्हणायचो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, ३ व्होल्टची, पार मेली होती. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून नवी आणून टाकली. तारीख चुकली की वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतात, कारण सर्टिफिकेटची मुदत त्या चुकीच्या तारखेत बसत नाही. बाबांच्या बँकेची साइट न उघडण्याचं कारण तेच. त्यावरही मी म्हणालो होतो, “पासवर्ड चुकला असेल तुमचा.”

तरी संध्याकाळी साडेसहाला, बाबांच्या डोळ्यांसमोर, निळा स्क्रीन आला. बाबा माझ्याकडे बघून पटकन म्हणाले, “मी हात नाही लावला.”

हे वाक्य मला फार लागलं. बासष्ट वर्षांचा माणूस आपल्या मुलाला, काच फुटल्यावर लहान मुलं सांगतात तसं सांगत होता.

आता रॅम. दोन्ही स्टिक काढल्या, सोनेरी पट्ट्यांवर पेन्सिलीचा खोडरबर हलक्या हाताने फिरवला, पुन्हा बसवल्या. पुष्कळ मशीन एवढ्यावरच सुधारतात, कारण दोष संपर्काचा असतो. आमचं सुधारलं नाही. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी चालवली, ती म्हणाली सगळं छान. त्यावर विश्वास ठेवून थांबू नये. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ घेतलं आणि रात्री दहाला चालू केलं. हा प्रोग्रॅम विंडोज न उघडताच चालतो, मेमरीच्या जवळजवळ प्रत्येक खान्यात ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून बघतो. ८ जीबीची एक फेरी आमच्या मशीनवर तासाभराच्या वर गेली. एका फेरीवर समाधान मानू नये. निदान चार होऊ द्याव्यात, म्हणजे रात्रभर.

८ जीबी म्हणजे किती? ६,८७१ कोटींहून जास्त बिट. प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डची, १९६८ चं पेटंट. कपॅसिटरमध्ये भार आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. भानगड अशी की हा भार गळतो. म्हणून प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी वाचून पुन्हा भरावी लागते. म्हणजे आपण ज्याला मेमरी म्हणतो ती मुळात सतत विसरत असते आणि कुणीतरी तिला सेकंदाला पंधरा वेळा आठवण करून देत असतं. एखादा कपॅसिटर इतरांपेक्षा जरा लवकर गळायला लागला की झालं. आणि गरम झाल्यावर गळती वाढते. म्हणूनच बाबांच्या डायरीतल्या नोंदी बहुतेक दुपारच्या होत्या, मशीन दोन-तीन तास चालल्यावरच्या.

रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो तर हॉलमध्ये बाबा खुर्चीत बसलेले. समोर स्क्रीन. स्क्रीनवर लाल ओळी.

“हे काय आलंय?” त्यांनी विचारलं. “मी काही...”

“तुम्ही काही केलेलं नाही बाबा.” मी त्यांच्या शेजारी बसलो. “ही बघा, त्याने इथे १ लिहिला होता. वाचायला गेला तर ० निघाला. पुन्हा तोच पत्ता, पुन्हा तोच बिट.”

ते चष्मा वर करून बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे खतावणीत एक लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी पान उघडलं तर दुसरंच.”

“अगदी तेच.”

“मग कारकून काय करणार!” बाबा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोकळे हसले.

झोप उडालीच होती. मग मी त्यांना गोष्टी सांगत बसलो. २००३ साली बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकला, मतदान यंत्रांवर निवडणूक झाली. एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं पडली. पुन्हा मोजल्यावर फरक निघाला बरोबर ४,०९६. म्हणजे दोनाचा बारावा घात. सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. एक बिट उलटला की आकड्यात फरक पडतो तो १, २, ४, ८ असा दुपटीच्या पाढ्यातलाच.

आणि रिचर्ड हॅमिंगची गोष्ट. १९४७ च्या सुमारास हा बेल लॅब्जमध्ये होता आणि त्याला मशीन मिळायचं वीकेंडला. (आपल्यातलाच की!) मशीनला चूक दिसली की ते काम सोडून पुढच्या कामाला लागायचं, कारण वीकेंडला बघायला माणूस नसे. सलग दोन वीकेंड त्याचं काम बुडालं. तो वैतागला, की मशीनला चूक झाल्याचं कळतं तर कुठे झाली ते शोधून दुरुस्त का करता येऊ नये? त्यातून १९५० साली त्याचा चूक सुधारणारा कोड प्रसिद्ध झाला. आज सर्व्हरच्या ईसीसी मेमरीत त्याच जातीची युक्ती असते. ६४ बिटांमागे ८ जादा बिट, एक चूक झाली तर जागेवर दुरुस्त, दोन झाल्या तर निदान आरडाओरडा. घरच्या साध्या डेस्कटॉपमध्ये ही सोय सहसा नसते. तिथे चूक गुपचूप पुढे जाते.

रविवारी सकाळी शेवटचा टप्पा. मेमटेस्ट चुकीचा पत्ता सांगतो, पण दोन स्टिक जोडीने चालत असतील तर त्यातली गुन्हेगार कोणती ते त्यावरून थेट कळत नाही. त्यासाठी एकेक करून बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिली स्टिक पहिल्या खाचेत: स्वच्छ. दुसरी स्टिक पहिल्या खाचेत: लाल. दुसरी दुसऱ्या खाचेत: लाल. पहिली दुसऱ्या खाचेत: स्वच्छ. म्हणजे खाचा ठीक, पहिली स्टिक ठीक, दोष दुसऱ्या स्टिकमध्ये.

दुसरी स्टिक म्हणजे २०१८ मध्ये पुण्याहून सेकंड-हँड आणलेली. मी. बसवलेली. 

आई चहा घेऊन आली तेव्हा मी स्टिक हातात धरून बसलो होतो. “मिळालं का?” म्हणाली. मी म्हटलं, “मिळालं. मीच लावलं होतं.”

खरं तर लेख इथे संपायला हवा होता. मशीन आता ४ जीबीवर चालतंय, बाबांच्या कामाला तेवढं पुरतं, त्या दिवसापासून एकही निळा स्क्रीन नाही. पण मला अजून एक गोष्ट करायची होती. मी मोठ्या उत्साहात बाबांना म्हणालो, “म्हणजे ते २,७०० पण मशीननेच खाल्ले! तुमची चूक नव्हतीच. आजच चेअरमनकाकांना सांगा.”

बाबा गप्प बसले. मग त्यांनी खिशातून पेन काढला.

“तू काल म्हणालास ना, मशीनची चूक दुपटीच्या पाढ्यातली असते? १, २, ४, ८...”

“हो.”

“मग १,०२४, २,०४८, ४,०९६. २,७०० कुठे बसतात त्यात?”

बसत नव्हते. मी म्हटलं, दोन-तीन बिट एकदम उलटले असतील. तेव्हा ते जे म्हणाले ते ऐकून मला दुकानदाराच्या कोटेशनवर वाकलेले बाबा आठवले.

“२,७०० ला नवाने भाग जातो रे.”

हा त्यांच्या पिढीच्या हिशेबनीसांचा जुना नियम. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची. ४५ च्या जागी ५४ लिहिलं की फरक ९. ३७० च्या जागी ७३० लिहिलं की ३६०. शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. उलटं खरं असेलच असं नाही, नऊच्या पटीतला फरक दुसऱ्या कारणानेही पडू शकतो, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

“मग सप्टेंबरमध्ये का नाही केलंत हे?” मी विचारलं.

“तू म्हणालास ना, सेव्ह केलं नसेल म्हणून. मग मला वाटलं एखादी खर्चाची नोंद उडाली असणार. मी २,७०० चं बिल शोधत बसलो.” 

त्यांनी पावती पुस्तकं काढली. मी लॅपटॉपवर एक्सेल उघडलं. ते पावती वाचत होते, मी नोंद बघत होतो. वीस मिनिटंही लागली नाहीत. एका फ्लॅटची थकबाकी. पावतीवर ५,८५०. एक्सेलमध्ये ८,५५०. फरक २,७००.

मी म्हणालो नाही काही. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. बाबांनी मात्र पावतीवर बोट ठेवलं, पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकले. “सापडली,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा झाला होता. “माझीच आहे. पण सापडली.”

मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं की चूक त्यांची नाही हे सिद्ध झालं की ते सुटतील. त्यांना ते नकोच होतं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून असे शेकडो अंक उलटे पडले असतील आणि त्यांनीच ते शोधले असतील. त्यांना भीती होती ती न सापडणाऱ्या चुकीची. डोळ्यांसमोर काहीतरी बिघडतंय, आपण काही केलेलं नाही, आणि विचारावं त्या प्रत्येकाचं एकच उत्तर, काय दाबलंत तुम्ही. तीन-चार महिने असं ऐकलं तर कुणाचाही स्वतःवरचा विश्वास गळायला लागेल.

मी रात्रभर मेमटेस्ट चालवला, चारही जोड्या लावून बघितल्या आणि मगच एका स्टिकवर ठपका ठेवला. बाबांच्या बाबतीत माझी तपासणी होती वीस सेकंदांचा फोन. तोही म्यूटवर.

संध्याकाळच्या बसला सोडायला बाबा स्टँडवर आले. बोलता बोलता म्हणाले, चेअरमनना पावती दाखवून चालू वर्षात दुरुस्तीची नोंद करून घेईन, ऑडिटरलाही सांगेन. मी विचारलं, “आणि खजिनदारपद?” 

“मार्चअखेर होऊ दे. मग बघू.” आणि बस सुटताना खिडकीतून कंदी पेढ्यांचा पुडा आत सरकवला.

ती स्टिक माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे सध्या. शेजारचा विचारतो, ही कशाला ठेवलीयस? मी म्हणतो, आठवण. (पीजे आहे, माफ करा.)

परवा बाबांचा फोन आला. “अरे, प्रिंटरमधून अर्धंच पान येतंय.”

जिभेवर आलंच होतं. गिळलं. म्हटलं, “पहिल्यापासून सांगा बाबा.”

“सांगतो,” ते म्हणाले. “पेन आहे का जवळ?”